मिस्रा सी : उल्लंघनं टूलकडून आपोआप दुरुस्त करून घ्यावीत का? कुठली, आणि कशी?

सह्यकडा

ब्रेक किंवा स्टिअरिंगच्या ईसीयूमधला (गाडीतल्या नियंत्रक संगणकातला) जुना सी कोड. मिस्रा (सुरक्षित सी लिहिण्याची नियमावली) कधी धड लावलंच नव्हतं, आणि आता ग्राहकाला मिस्रा सी २०१२ च्या अनुपालनाचा अहवाल हवा आहे. पुण्यात ऑटोमोटिव्हमध्ये काम करणाऱ्या बऱ्याच जणांना ही परिस्थिती ओळखीची असेल. चेकर (नियम मोडलेल्या जागा शोधणारं टूल) चालवला की उल्लंघनं हजारोंनी निघतात. त्यातली बरीचशी एकाच साच्याची : महिरपी कंस नाहीत, शेवटचा एल्स नाही, स्विचला डिफॉल्ट नाही, फंक्शनने परत दिलेली किंमत कुणी वापरलीच नाही.

क्लँग-टायडी या कोड तपासणाऱ्या टूलला फिक्सचा, म्हणजे आपोआप दुरुस्तीचा पर्याय आहे. काही व्यावसायिक चेकरही दुरुस्ती सुचवतात, भाषा-मॉडेलवर चालणारी टूल्सही आहेत. सुरक्षेशी थेट संबंध असलेल्या कोडमध्ये यातलं काय निर्धास्त वापरता येईल आणि कशाला हात लावू नये? नियमाचे क्रमांक देऊन सांगितलंत तर फार उपयोग होईल.

ऑब्जडंप

नियमाच्या आधी दुरुस्तीकडे बघा. या दुरुस्तीने मशीन कोड बदलायला हवा का? उत्तर 'नाही' असेल तर टूलला करू द्या, कारण टूल चुकलं नाही हे यांत्रिकपणे तपासता येतं. उत्तर 'हो' किंवा 'माहीत नाही' असेल तर ती डिझाइनमधली दुरुस्ती आहे आणि ती माणसानेच करायची.

पहिल्या गटात येणारे नियम : १५.६ (इफ आणि लूपच्या अंगाला महिरपी कंस), १२.१ (क्रम स्पष्ट करणारे कंस), ७.३ (स्थिरांकामागचा लहान एल मोठा करणं), ८.२ (प्रोटोटाइपमध्ये पॅरामीटरची नावं), १४.४ (अट बूलियन करणं, म्हणजे शून्याशी तुलना उघड लिहिणं), २०.७ (मॅक्रोच्या पॅरामीटरभोवती कंस).

तपासणी अशी करा.

डीबग माहिती बंद करून बिल्ड घ्या. तारीख, वेळ आणि फाइलचा पाथ देणारे मॅक्रो गोठवा. असर्टमधून ओळीचा क्रमांक कोडमध्ये शिरतो आणि कंस घातले की ओळी सरकतात, म्हणून तुलनेपुरता तोही स्थिर ठेवा. कंपाइलर तोच हवा जो गाडीत जाणारा कोड तयार करतो, ऑप्टिमायझेशनही तेच. पीसीवरच्या जीसीसीने केलेली तुलना इथे पुरावा होत नाही. मग दुरुस्तीच्या आधीची आणि नंतरची प्रत्येक ऑब्जेक्ट फाइल (कंपाइलरने तयार केलेला मशीन कोड) घेऊन कोडचे आणि डेटाचे सेक्शन बाइटन् बाइट ताडून पाहा. बिल्डचे जितके व्हेरिएंट आहेत तितक्यांदा हे करायचं.

एका कमिटमध्ये एकच नियम घ्या. १५.६ आणि १४.४ एकत्र केलेत आणि एखादी फाइल वेगळी निघाली तर कारण शोधण्यात दिवस जातो.

ज्या फाइलचा ऑब्जेक्ट बदलला ती बाजूला काढा आणि हाताने वाचा. बदल निरुपद्रवी असेल, किंवा टूलची चूक असेल. उदाहरणार्थ 'इफ (स्थिती & मास्क)' याचं एखाद्या कच्च्या स्क्रिप्टने 'इफ (स्थिती & मास्क != ०)' केलं, तर सीमध्ये != चा क्रम & च्या आधी लागतो. म्हणजे आधी मास्क शून्याशी ताडला जाणार आणि उरलेला १ स्थितीशी अँड होणार. फक्त शेवटचा बिट तपासला जाईल. डिफ वाचताना हे नजरेतून सहज निसटतं, ऑब्जेक्टच्या तुलनेत निसटत नाही.

तिसरी शक्यता जास्त महत्त्वाची : मूळ कोडमध्येच बग होता. २०.७ मध्ये हे हमखास दिसतं. संख्येचा वर्ग काढणारा मॅक्रो कंसाविना लिहिलेला असेल आणि त्याला कुणी 'अ + १' दिलं असेल, तर कंस घातल्यावर उत्तर बदलतं. इथे ऑब्जेक्ट बदलणं ही चांगली बातमी आहे, पण ती दुरुस्ती मिस्राच्या कमिटमध्ये ढकलू नका. कॅलिब्रेशनचे (गाडीवर जुळवून ठरवलेले) आकडे त्या चुकीच्या उत्तरावर बसवलेले असू शकतात. वेगळा बग नोंदवा, त्याचा परिणाम तपासा, मगच बदला.

अर्धविराम

@ऑब्जडंप यांची कसोटी योग्य आहे, पण तिच्यावरच थांबू नका. ऑब्जेक्ट तंतोतंत तोच राहूनही नुकसान होऊ शकतं.

ॲपलचा फेब्रुवारी २०१४ मधला 'गोटू फेल' बग घ्या. टीएलएसच्या (सुरक्षित इंटरनेट जोडणीच्या) सही तपासणाऱ्या फंक्शनमध्ये इफखाली 'गोटू फेल' ही ओळ लागोपाठ दोनदा पडली होती. पहिली इफच्या ताब्यात, दुसरी बिनशर्त. त्यामुळे पुढची खरी तपासणी कधी चाललीच नाही आणि फंक्शन 'सगळं ठीक' असं सांगून परत येत राहिलं.

या कोडवर १५.६ ची आपोआप दुरुस्ती चालवली तर टूल पहिल्या गोटूभोवती कंस घालेल आणि दुसरी ओळ कंसाबाहेर तशीच राहील. ऑब्जेक्ट जसाच्या तसा, १५.६ हिरवा, बग जागेवर. शिवाय फसव्या इंडेंटेशनवर जीसीसी (आवृत्ती ६ पासून) जी वॉर्निंग देतं तीही जाते, कारण कंस असले की ती वॉर्निंग लागू होत नाही. म्हणजे बगकडे बोट दाखवणारी एक खूण आपणच पुसली.

याहून वाईट दुरुस्ती २.१ ची, म्हणजे कधीच न पोहोचणारा कोड काढून टाकण्याची. इथे न पोहोचणारा कोड म्हणजे सही तपासणारा भागच! टूलने तो उडवला की चेकर शांत, ऑब्जेक्ट बहुधा तोच, आणि मूळ हेतू काय होता याचा पुरावाही नाहीसा. २.१ आणि २.२ साठी आपोआप दुरुस्ती कधीही वापरू नका. तो कोड तिथे का पोहोचत नाही, हा प्रश्न माणसाने विचारायचा आहे.

त्यामुळे क्रम महत्त्वाचा. आधी कंपाइलरच्या सगळ्या वॉर्निंग्ज चालू करा, चेकरचा पूर्ण अहवाल काढून जपून ठेवा, इंडेंटेशन, न पोहोचणारा कोड आणि बिनवापराच्या व्हेरिएबल्सच्या तक्रारी हाताने निकालात काढा. कंस घालणारं टूल त्यानंतर. फॉरमॅटर सगळ्यात शेवटी.

पूर्णांक

दहाव्या प्रकरणाबद्दल लिहितो, कारण संख्येने सर्वात जास्त उल्लंघनं तिथे येतात आणि सर्वात घातक 'दुरुस्त्या'ही तिथेच होतात. १०.१ ते १०.८ हे नियम मिस्राच्या एसेन्शियल टाइपच्या (साइन्ड, अनसाइन्ड, बूलियन अशा मूळ प्रकारांच्या) चौकटीवर उभे आहेत. टूलची ठरलेली दुरुस्ती एकच : कास्ट घाला, म्हणजे किमतीचा प्रकार उघडपणे बदला.

१०.४ बघा. एका बाजूला साइन्ड ३२ बिट, दुसऱ्या बाजूला अनसाइन्ड ३२ बिट आणि मध्ये 'पेक्षा लहान'. साइन्ड बाजूत -१ आला तर तो ४२९४९६७२९५ होतो आणि तुलना उलटी लागते. म्हणून नियम तक्रार करतो. टूल साइन्ड बाजूवर अनसाइन्डचा कास्ट घालतं. कंपाइलर आधी मुकाट्याने जे करत होता तेच आता लिखित झालं. ऑब्जेक्ट तोच, चेकर गप्प, बग कायम. आणि कोड वाचणाऱ्याला वाटतं की कुणीतरी विचारपूर्वक कास्ट केला आहे. उलट बाजूला कास्ट घातला तर २१४७४८३६४७ च्या वरच्या किमती ऋण होतात. ही किंमत ऋण होऊ शकते का, तिची कमाल किती, हे इंटरफेसच्या दस्तऐवजात असतं. कोडच्या त्या ओळीत नसतं, म्हणून टूलला ते कळण्याचा मार्गच नाही.

१०.८ चं उदाहरण वेगळं आहे. दोन १६ बिट अनसाइन्ड संख्यांचा गुणाकार कंसात, आणि बाहेर ३२ बिटांचा कास्ट. इंट १६ बिटांचा असेल तर गुणाकार १६ बिटांतच कापला जातो आणि उरलेला तुकडा रुंद होतो. इंट ३२ बिटांचा असेल तर दोन्ही संख्या साइन्ड इंट होतात. ६५५३५ गुणिले ६५५३५ म्हणजे ४२९४८३६२२५. ते साइन्ड ३२ बिटांत मावत नाही, वर्तन अनिश्चित. योग्य दुरुस्ती म्हणजे कास्ट आतल्या एका संख्येवर नेणं. काही टूल्स ते करतातही. पण १६ बिट मायक्रोकंट्रोलरवर त्याने उत्तर बदलतं, चालायचा वेळही बदलू शकतो, आणि पुढे त्या किमतीवर लावलेली मर्यादा आता वेगळ्या आकड्याला लागते. दुरुस्ती बरोबर असूनही तिला नव्याने चाचणी लागते.

७.२ मध्ये स्क्रिप्ट लिहिणारे घसरतात. जो स्थिरांक मुळात अनसाइन्ड प्रकारात जातो त्यालाच यू लावा, एवढंच नियम म्हणतो. 'सगळ्या आकड्यांना यू लावा' अशी शोध-बदल स्क्रिप्ट चालवली की 'इफ (फरक < १०)' चं 'इफ (फरक < १०यू)' होतं. फरक -५ असेल तर तो ४२९४९६७२९१ समजला जातो आणि अट खोटी ठरते.

कास्ट म्हणजे संरक्षण नव्हे, हे एरियन ५ च्या पहिल्या उड्डाणाने ४ जून १९९६ रोजी दाखवून दिलं. ६४ बिट फ्लोटिंग किमतीचं १६ बिट साइन्ड पूर्णांकात रूपांतर होत होतं. एरियन ४ च्या मार्गावर ती किंमत मावत होती, ५ च्या मार्गावर मावली नाही. कोड ॲडामधला होता, तिथे निदान एक्सेप्शन तरी उठलं. सीमध्ये मर्यादेबाहेरचं असं रूपांतर अनिश्चित वर्तन आहे, मग कास्ट लिहिलेला असो वा नसो. दुरुस्ती म्हणजे मर्यादा तपासणं, आणि मर्यादा ओलांडली तर काय करायचं ते ठरवणं : कमाल किमतीवर थांबायचं, मागची किंमत धरायची, की सुरक्षित स्थितीत जायचं. हा निर्णय सिस्टिम इंजिनिअरचा आहे.

सह्यकडा

फार स्पष्ट झालं, आभार. १७.७ आणि ९.१ बद्दल कुणी सांगेल का? दोन्हींची दुरुस्ती अगदी एका शब्दाची दिसते.

वॉचडॉग

एका शब्दाची आहे म्हणूनच धोकादायक आहे.

१७.७ : परत आलेली किंमत वापरली नाही. टूल कॉलच्या आधी व्हॉइडचा कास्ट ठेवतं. ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीमध्ये) लिहिणाऱ्या फंक्शनने 'लिहिता आलं नाही' असं परत दिलं आणि आपण ते व्हॉइड केलं, तर १७.७ मिटला. पण मिस्राचंच डायरेक्टिव्ह ४.७ म्हणतं की फंक्शन चुकीची माहिती देत असेल तर ती तपासलीच पाहिजे. ते उल्लंघन आता जास्त पक्कं झालं. व्हॉइड कास्ट आपोआप घालायचाच असेल तर ज्यांची परत किंमत खरोखर निरर्थक आहे अशा फंक्शनांची नावानिशी यादी करा. मेमरी कॉपी करणारं मानक फंक्शन पत्ता परत देतं, ते यादीत चालेल. ड्रायव्हर, कम्युनिकेशन, फ्लॅश, ऑपरेटिंग सिस्टिमचे कॉल, यातलं एकही नाही.

९.१ : किंमत ठेवण्याआधी वाचली. हा मँडेटरी नियम आहे, डेव्हिएशनची (नियम मोडण्याच्या लेखी सवलतीची) सोय नाही, त्यामुळे मोह जास्त होतो. टूल घोषणेतच शून्य ठेवतं. खरा प्रश्न असा की एका वाटेवर किंमत द्यायची राहून गेली आहे. तिथे शून्य ही योग्य किंमत आहे का? तापमानात शून्य म्हणजे शून्य अंश, एक वैध वाचन. दाबात शून्य म्हणजे ब्रेक दाबलेलाच नाही. शून्य घातल्यानंतर ती राहून गेलेली वाट चेकरला दिसणार नाही, चालत्या प्रोग्रॅममध्ये असं वाचन पकडणाऱ्या वॅलग्राइंडला दिसणार नाही, मेमरी सॅनिटायझरलाही नाही. बग सापडण्याची तीन दारं एका शून्याने बंद होतात.

वॉर्निंग गप्प करण्याची किंमत केवढी असू शकते ते डेबियन या लिनक्स सिस्टिममधल्या ओपनएसएसएलने (एन्क्रिप्शनच्या किल्ल्या बनवणाऱ्या लायब्ररीने) दाखवलं. २००६ मध्ये अनिनिशियलाइज्ड मेमरीच्या तक्रारी थांबवण्यासाठी काही ओळी बंद केल्या गेल्या. त्यातल्या एकीमुळे यादृच्छिकतेचा जवळजवळ सगळा साठा गेला, उरला फक्त प्रोसेसचा क्रमांक. एका आर्किटेक्चरवर, एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्ल्या फार तर ३२,७६८ तयार होऊ शकत होत्या. मे २००८ मध्ये हे उघड झालं. तोवर ती सिस्टिम जगभर वापरात होती.

शाखाविस्तार

एल्स आणि डिफॉल्टबद्दल.

१५.७ चा रिकामा एल्स फक्त कॉमेंटसह घातला तर नवा कोड तयार होत नाही. शेवटची अट खोटी ठरण्याची चाचणी ब्रँच कव्हरेजला (प्रत्येक फाटा चाचणीत चालला का, या मोजमापाला) आधीही लागत होतीच. म्हणून यांत्रिकदृष्ट्या हे निर्धोक आहे. पण नियमाचा हेतू असा की लिहिणाऱ्याने उरलेल्या शक्यतेचा विचार केला आहे. टूलने हजार ठिकाणी 'काही करायचं नाही' अशी एकच कॉमेंट टाकली की विचार न करताच विचार केल्याची नोंद होते, आणि पुढचा रिव्ह्यूअर तिच्यावर विश्वास ठेवतो. टूलला एल्स घालू द्या, कॉमेंटमध्ये मात्र 'तपासणी बाकी' असा ठरलेला शब्द घाला आणि तो शब्द शिल्लक असेल तर रिलीज बिल्ड फेल होईल अशी सोय करा.

१६.४ च्या डिफॉल्टमध्ये आणखी एक गोम आहे. एनमवरच्या (नावं दिलेल्या ठरावीक किमतींवरच्या) स्विचमध्ये एखादा केस राहिला तर जीसीसी 'ऑल' (-Wall) गटातल्या स्विचच्या वॉर्निंगने सांगतं, पण डिफॉल्ट असला की ती वॉर्निंग थांबते. उद्या कुणी एनममध्ये नवीन अवस्था घातली तर ती गुपचूप डिफॉल्टमध्ये पडेल. डिफॉल्ट घालण्याआधी स्विच-एनम ही वेगळी वॉर्निंग चालू करा, ती डिफॉल्ट असतानाही बोलते.

आणि टूलने डिफॉल्टमध्ये एरर हँडलरचा कॉल टाकला तर ती ओळ चाचणीत चालवून दाखवावी लागेल. सगळे केस भरलेले असताना तिथे फक्त बिघडलेली किंमतच पोहोचते, म्हणजे फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम बिघाड घडवणं) आलं. विमानाच्या कोडमध्ये डीओ-१७८सी या मानकाच्या सर्वात कडक लेव्हल ए ला एमसी/डीसी (अटीतला प्रत्येक घटक एकट्याने निकाल बदलतो हे दाखवणारं कव्हरेज) लागतं, तिथे अशी प्रत्येक ओळ चाचणीचं किंवा लेखी समर्थनाचं काम वाढवते. ते हिशेबात धरा.

जोडओळ

क्लँग-टायडी वापरणाऱ्यांसाठी काही व्यवहारातल्या गोष्टी.

ते पूर्ण मिस्रा चेकर नाही. कंस घालणारी आणि मॅक्रोच्या कंसांची तपासणी उपयोगी पडते, अनुपालनाचा अहवाल मात्र दुसऱ्या टूलनेच द्यायचा.

ते एका वेळी एकच प्रीप्रोसेसर कॉन्फिगरेशन बघतं. इफडेफमध्ये बंद असलेला कोड त्याला दिसत नाही, त्यामुळे डाव्या-उजव्या स्टिअरिंगचे व्हेरिएंट असतील तर एकाच फाइलचा अर्धा भाग दुरुस्त आणि अर्धा जुना राहतो. प्रत्येक व्हेरिएंटचा कंपाइल डेटाबेस (कुठली फाइल कुठल्या पर्यायांनी कंपाइल होते त्याची यादी) वेगळा बनवा.

एम्बेडेड कंपाइलरची इंटरप्ट किंवा पत्त्याची खास कीवर्ड क्लँगला कळत नाहीत. कंपाइल एरर आली तर साधा फिक्स पर्याय काहीच बदलत नाही, ते योग्यच आहे. 'फिक्स-एरर्स' हा पर्याय एरर असूनही बदल करतो. अर्धवट समजलेल्या कोडवर केलेली ती दुरुस्ती आहे, या कामात तो वापरू नका. कीवर्डसाठी तात्पुरते रिकामे मॅक्रो द्या आणि टार्गेट स्पष्ट सांगा, नाहीतर इंट ३२ बिटांचा धरला जातो.

अनेक फाइल्सवर समांतर चालवताना एकाच हेडरमध्ये तीच दुरुस्ती दोनदा होऊ शकते. बदल थेट न लावता एक्सपोर्ट करा, एकत्र करून एकदाच लावा.

साच्यातले बदल खूप असतील तर कॉक्सिनेल हे सी कोडमध्ये साच्याप्रमाणे बदल करणारं टूल बघा. लिनक्स कर्नलमध्ये ते वर्षानुवर्षं वापरात आहे, बदल सिमँटिक पॅच म्हणून लिहिता येतो आणि रिव्ह्यू त्या एका पॅचचा होतो.

सिम्युलिंकसारख्या मॉडेलमधून निघालेला कोड दुरुस्त करूच नका. पुढच्या जनरेशनला सगळं पुसलं जाईल. मॉडेल किंवा जनरेटरची सेटिंग्ज बदला.

प्रमाणपत्र

ऑडिटमध्ये विचारलं जातं : टूल क्वालिफाय केलंय का, म्हणजे ते विश्वासार्ह असल्याचं रीतसर सिद्ध केलंय का?

गाड्यांच्या सुरक्षेचं मानक असलेल्या आयएसओ २६२६२ च्या भाग ८ प्रमाणे कोड बदलणारं टूल चूक घुसवू शकतं, म्हणून त्याचा इम्पॅक्ट टीआय२. ती चूक पकडली जाण्याची खात्री मोठी असेल तर टीडी१ (चूक पकडण्याची पातळी), आणि दोन्ही मिळून टीसीएल१ (टूलवरच्या भरवशाची पातळी). मग क्वालिफिकेशन लागत नाही. वर सांगितलेली ऑब्जेक्टची तुलना हाच टीडी१ चा सर्वात भक्कम युक्तिवाद आहे. 'डिफचा रिव्ह्यू केला' एवढं पुरत नाही, कारण चाळीस फाइल्सचा एकसारखा डिफ कुणीही शेवटपर्यंत त्याच लक्षाने वाचत नाही. डीओ-१७८सी मध्येही तत्त्व तसंच : टूलच्या आउटपुटची स्वतंत्र पडताळणी होत असेल तर क्वालिफिकेशन टळतं, नाहीतर लेव्हल ए ला थेट टीक्यूएल-१, म्हणजे टूल क्वालिफिकेशनची सर्वात कडक पातळी.

दुरुस्ती करणारं आणि तपासणारं टूल एकाच कंपनीचं, एकाच पार्सरवरचं असेल तर एकाची चूक दुसऱ्याला दिसेलच असं नाही. भाषा-मॉडेलने सुचवलेल्या दुरुस्तीलाही हेच सगळं लागू होतं. त्यात भर म्हणजे त्याच इनपुटला उद्या वेगळं आउटपुट येऊ शकतं, त्यामुळे टूलवर युक्तिवाद न बांधता प्रत्येक पॅचवरच बांधावा लागतो.

सह्यकडा

मग दुसऱ्या गटातल्या उरलेल्या हजारोंचं काय करायचं?

ऑब्जडंप

सगळी दुरुस्त करायची नाहीत. मिस्रा स्वतःच सांगतं की सिद्ध झालेल्या जुन्या कोडला नियमात बसवताना नवा दोष शिरण्याचा धोका फायद्यापेक्षा मोठा ठरू शकतो. बूगर्ड आणि मूनन यांनी २००८ मध्ये मिस्रा सी २००४ च्या उल्लंघनांचा प्रत्यक्ष दोषांशी संबंध एका औद्योगिक प्रकल्पात मोजला. थोड्याच नियमांचा संबंध ठळक निघाला.

मिस्रा कम्प्लायन्स २०२० ची चौकट वापरा. ॲडव्हायजरी (सल्लावजा) नियम ग्राहकाच्या संमतीने डिसअप्लाय करता येतात, म्हणजे लागूच न करता सोडता येतात. १५.५ (एकच रिटर्न) हा त्यातला पहिला उमेदवार : रिटर्न काढून फ्लॅग घालणारी यांत्रिक दुरुस्ती लॉक सोडण्याचा क्रम आणि व्होलाटाइल रजिस्टर वाचण्याची संख्या बदलू शकते, आणि वाचताच साफ होणारं स्टेटस रजिस्टर असेल तर एक इंटरप्ट हरवतो. रिक्वायर्ड (आवश्यक) नियमाला डेव्हिएशन लागतं : कुठे, का, धोका काय, तो कसा आवरला, सही कोणाची. एकाच कारणाची दोनशे ठिकाणं एका डेव्हिएशनखाली येऊ शकतात.

जी खरंच बदलायची आहेत त्या छोट्या, शुद्ध गणिती फंक्शनांसाठी सीबीएमसी (सी कोड गणिती पद्धतीने तपासणारं टूल) वापरून बघा. जुनं फंक्शन नाव बदलून शेजारी ठेवा, दोन्हींना तेच मोकळं इनपुट द्या आणि उत्तरं समान असल्याचा असर्ट लिहा. इंटची रुंदी बोर्डाप्रमाणे ठरवता येते. लूप असतील तर अनवाइंडची (लूपच्या किती फेऱ्या उलगडायच्या याची) मर्यादा द्या आणि ती पुरेशी असल्याची तपासणीही चालू ठेवा, नाहीतर 'यशस्वी' या उत्तराला अर्थ नाही. फरक निघाला तर ते नेमकं इनपुट दाखवतं, आणि तेच इनपुट युनिट टेस्टमध्ये जसंच्या तसं टाकता येतं.

पूर्णांक

@ऑब्जडंप, एक पुरवणी. सीबीएमसीने फरक दाखवला आणि ते इनपुट प्रत्यक्षात येऊच शकत नाही असं वाटलं, तर इनपुटवर नुसती मर्यादा घालून पुढे जाऊ नका. ती मर्यादा कुठल्या रिक्वायरमेंटमधून आली त्याचा क्रमांक हार्नेसमध्ये (सीबीएमसीसाठी लिहिलेल्या तपासणीच्या कोडमध्ये) लिहा. क्रमांक सापडला नाही तर मर्यादा काढून टाका आणि मूळ उल्लंघन उघडंच ठेवा.